मैदानाची मशागत कोण करणार?

मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या क्रीडाजीवनात एक उफराटा क्रम रूढ झालेला आहे. स्पर्धेची तारीख आधी येते, संघ त्यानंतर गोळा होतो आणि प्रशिक्षकाची आठवण सर्वांत शेवटी होते. आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धेचे परिपत्रक सूचनाफलकावर लागले की धावपळ सुरू होते. कोणाकडे बूट आहेत, कोणाची कागदपत्रे पुरी आहेत, शाळेत असताना कोण खेळत होता, याची चौकशी होते. आठ-दहा दिवस संध्याकाळी चेंडू लाथाडला जातो आणि पोरांच्या अंगावर गणवेश चढवून त्यांना एसटीत बसवले जाते. पहिल्याच सामन्यात संघ हरून परतला की 'या मातीत फुटबॉल रुजत नाही' असा निकाल देऊन सारे मोकळे होतात. नांदेड असो वा लातूर, अनेक महाविद्यालयांची हीच कथा आहे.

मातीवर ठपका ठेवणाऱ्यांनी निदान मातीचा कायदा तरी पाहावयास हवा. रब्बीची सुगी उरकली की शेतकरी स्वस्थ बसत नाही. तो रान नांगरून उन्हात तापायला टाकतो, धसकटे वेचतो, ढेकळे फोडतो आणि मग मृगाच्या पावसाची वाट पाहतो. पेरणीच्या दिवशी औत जुंपणाऱ्याला पीक का आले नाही, हे विचारण्याचा अधिकार राहात नाही. संघाचेही तसेच आहे. संघ स्पर्धेत दिसतो, पण घडतो तो स्पर्धा नसलेल्या महिन्यांत. हा साधा नियम महाविद्यालयांच्या वार्षिक नियोजनात कोठेही दिसत नाही, हे खरे दुखणे आहे.

अमेरिकेतील विद्यापीठांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. तेथील फुटबॉल हा निराळा खेळ आहे. लांबट चेंडू हाती घेऊन तो खेळला जातो. त्याचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो आणि हिवाळ्यात संपतो. असे असूनही मार्च-एप्रिलमध्ये तेथे 'वसंत ऋतूचा सराव' भरतो. आंतरविद्यापीठ क्रीडेचे नियमन करणाऱ्या संस्थेने त्यालाही मर्यादा घातलेली आहे : सुमारे ३४ दिवसांच्या मुदतीत १५ सराव, त्याहून अधिक नाहीत. ज्या विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक बदललेला असतो तेथे या १५ सकाळींना फार मोल असते. नवा प्रशिक्षक आपल्या साहाय्यकांसह येतो. कोण कोठे खेळू शकेल, कोणाची जागा बदलावी, कोणाच्या अंगात बळ आहे पण शिस्त नाही, हे तो पाहतो. या काळात कोणताही करंडक पणाला लागलेला नसतो. म्हणूनच चूक करण्याची मुभा असते, आणि चूक करण्याची मुभा असल्याखेरीज शिक्षण होत नाही, हे शिक्षकांना तरी वेगळे सांगावयास नको.

तेथील पैसा, प्रचंड क्रीडांगणे आणि साहाय्यकांचा ताफा यांची बरोबरी येथे होणार नाही. तशी करण्याचे कारणही नाही. घेण्याजोगी गोष्ट एवढीच की वर्षातील एक महिना त्यांनी सामन्यांपासून राखून ठेवला आहे. त्याला पैसा लागत नाही. लागतो तो निश्चय.

हैदराबादचा एक शिक्षक

दूरच्या देशाचा दाखला नको असेल तर जवळचा आहे. १९४८ पर्यंत मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच हैदराबाद शहरात भारतीय फुटबॉलचा सर्वांत मोठा प्रशिक्षक घडला. सय्यद अब्दुल रहीम हे व्यवसायाने शाळाशिक्षक. उस्मानिया विद्यापीठात ते शिकले. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० मध्ये निघाले तेव्हा ते याच उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेले होते. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यावर हा संबंध संपला. नांदेडहून हैदराबादला जाणारी रेल्वेवाट आजही तीच आहे. रहीम यांचे फुटबॉल परमुलखातले म्हणून बाजूला सारण्याची सोय नांदेडला नाही.

रहीम यांनी घडविलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग ५ वर्षे मुंबईचा रोव्हर्स करंडक जिंकला. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०–१ असा धुव्वा उडविला. त्या संघाचे प्रशिक्षकही रहीमच होते. आजच्या रिवाजाप्रमाणे अशा प्रशिक्षकाचे नाव कायमचे पुसले गेले असते. पण १९५६ मध्ये मेलबर्नला संघ गेला तो पुन्हा रहीम यांच्याच हाताखाली, आणि त्याने चौथा क्रमांक मिळविला. १९६२ मध्ये जाकार्ता येथे भारत दक्षिण कोरियाकडून पहिला सामना २–० असा हरला. अंतिम सामन्यात त्याच कोरियाला २–१ असे नमवून त्याने सुवर्णपदक घेतले. डोक्याला टाके पडलेल्या जर्नेलसिंग या बचावपटूला रहीम यांनी आघाडीला खेळविले आणि त्याने अंतिम सामन्यात गोल केला. खेळाडूची जागा बदलण्याचे असे धाडस स्पर्धेत सुचते ते सरावात त्याला सर्व बाजूंनी पारखलेले असते म्हणून.

रहीम यांची शिकविण्याची रीत मात्र अगदी साधी, एखाद्या शाळामास्तराला शोभेल अशी होती. चेंडू घेऊन एकट्याने चकवत जाण्यास मनाई असलेल्या स्पर्धा ते भरवीत. त्यामुळे पोरांना पास देण्याची सवय लागे. ज्याचा उजवा पाय चांगला त्याने फक्त डाव्या पायाने खेळावे, अशाही स्पर्धा त्यांनी घेतल्या. ठरावीक उंचीपेक्षा कमी उंचीच्या मुलांचे सामने त्यांनी लावले, म्हणजे लहानग्यांना मोठ्यांच्या धक्काबुक्कीत दबून जावे लागू नये. यांपैकी एकाही गोष्टीला अनुदान लागत नाही, हिरवळ लागत नाही, विदेशी तज्ज्ञ लागत नाही. लागतो तो रोज मैदानावर येणारा आणि विचार करणारा एक माणूस.

या कथेची उत्तरार्धातील बाजूही पाहिली पाहिजे. १९६३ मध्ये कर्करोगाने रहीम यांचे निधन झाले. त्यानंतर आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्णपदक भारताच्या वाट्याला पुन्हा आलेले नाही, आणि हैदराबादच्या फुटबॉलचे ते वैभवही पुढे ओसरले. माणूस गेला आणि पद्धतही मावळली. प्रशिक्षक कितीही थोर असला तरी त्याचे काम संस्थेच्या अंगवळणी पडले नाही तर ते त्याच्याबरोबरच संपते, हा त्यातील धडा आहे.

तालमीने जपलेले ज्ञान

याच्या उलट उदाहरण लातूर जिल्ह्याच्याच मातीतले आहे. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार हे नामांकित मल्ल पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद म्हणून उभे राहिले. बीड जिल्ह्यातील राहुल आवारे हा त्यांचा शिष्य. २०११ मध्ये बिराजदार यांचे निधन झाले, तेव्हा राहुल ऐन उमेदीत होता. त्याने लातूर जिल्ह्यातीलच अर्जुन पुरस्कारप्राप्त मल्ल काका पवार यांच्या हाताखाली मेहनत चालू ठेवली. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक मिळाल्यावर त्याने ते आपल्या दिवंगत वस्तादांना अर्पण केले. २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत त्याने कांस्यपदकही मिळविले. वस्ताद बदलला, पण पहाटेची मेहनत बदलली नाही. म्हणून हा सांधा निखळला नाही.

मल्लविद्येला हे साधते याचे कारण तालमीची घडण. तेथे मेहनतीला हंगाम नसतो. यात्रेतील कुस्ती चार मिनिटांत निकाली निघते, पण तिच्यामागे वर्षभराच्या जोर-बैठका आणि लढती असतात, हे गावातल्या म्हाताऱ्यालाही ठाऊक असते. खंत एवढीच की या तिघांचीही तालीम अखेर मराठवाड्याबाहेरच झाली. माणसे मराठवाड्याने दिली. त्यांना घडविणारी व्यवस्था मात्र दुसरीकडे शोधावी लागली.

फुटबॉल तालमीच्या संस्कारात बसत नाही, असे कोणी म्हणेल तर त्याने कोल्हापूरकडे पाहावे. कुस्तीच्या या पेठेत फुटबॉलचे नामवंत संघ पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ अशीच नावे मिरवतात. एका जुन्या संघाचे तर नावच 'प्रॅक्टिस' आहे! २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत देशाच्या संघातून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. पेठेतील पोराला वर्षभर चेंडू दिसतो, थोरांचा खेळ दिसतो आणि संघाशी असलेली निष्ठा घरातूनच मिळते. खेळ रुजतो तो असा.

त्याच विश्वचषकाच्या निमित्ताने १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यभरातील शाळांतून लाखो मुलांना एका दिवशी फुटबॉल खेळविण्याचा उपक्रम झाला. शाळाशाळांना चेंडू वाटले गेले. उपक्रमाचा हेतू चांगला होता. परंतु चेंडू वाटणे सोपे असते. तो चेंडू दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या आठवड्यात, दुसऱ्या वर्षी मैदानावर नेणारा माणूस वाटता येत नाही. तो नेमावा लागतो, टिकवावा लागतो.

लातूरने हे केलेलेच आहे

वस्तुतः सरावाची महती लातूरला समजावून सांगण्याची पाळी यावी, हाच एक विनोद आहे. ज्याला सारा महाराष्ट्र 'लातूर पॅटर्न' म्हणून ओळखतो, त्याचे मर्म सरावाशिवाय दुसरे काय आहे? परीक्षा मार्चमध्ये, पण तयारी आदल्या उन्हाळ्यापासून. सुट्टीतील वर्ग, एकामागून एक सराव चाचण्या, तपासलेल्या उत्तरपत्रिका विद्यार्थ्याच्या हाती देऊन चूक कोठे झाली ते दाखविणे, तीच चूक पुन्हा होऊ नये म्हणून पुन्हा चाचणी. एखाद्या प्राध्यापकाची बदली झाली तरी वेळापत्रक थांबत नाही. अमेरिकेतील प्रशिक्षक वसंत ऋतूत करतो आणि रहीम हैदराबादच्या मैदानावर करीत, तेच लातूरने वर्गखोलीत करून दाखविले. सर्वसामान्य घरांतील मुलांना शिस्तबद्ध तयारीने कोठवर नेता येते, हे या शहराने सिद्ध केले आहे. आणि त्याच शहरात दहावीला मूल गेले की पहिली कुऱ्हाड त्याच्या खेळावर पडते!

नांदेडच्या विद्यापीठालाही ही गोष्ट परकी नाही. १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे हे लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य होते. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या ४ जिल्ह्यांतील महाविद्यालये या विद्यापीठाच्या कक्षेत येतात. त्याचा फुटबॉल संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो तेव्हा समोर महाराष्ट्राबरोबरच गोवा, गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेश येथील विद्यापीठांचे संघ असतात. गोव्याचा मुलगा लहानपणापासून चर्चमागच्या मैदानावर खेळत वाढलेला असतो. त्याच्यासमोर आठ दिवसांच्या शिबिरातून आलेल्या मुलाला उभे करणे हे त्या मुलावर अन्याय करण्यासारखे आहे. तो हरतो आणि आपणच कमी पडलो असे मानून परततो. वास्तविक कमी पडलेली असते ती तयारी, आणि ती करून घेण्याची जबाबदारी त्याची नव्हती.

नव्या प्रशिक्षकाकडून अपेक्षा

महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालकाचे पद साधारणतः एकच. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, क्रिकेट, धावणे, फेक, उडी या सर्वांचा भार त्याच्यावरच. शिवाय परीक्षेतील पर्यवेक्षण, संमेलनाची व्यवस्था, शिस्त समितीचे काम. पद रिक्त असेल तर मानधनावरचा एखादा तरुण येतो आणि वर्ष संपले की जातो. या माणसाकडून पहिल्याच वर्षी करंडकाची अपेक्षा केली जाते. मग तोही शहाणपणाचा मार्ग पत्करतो : घडविण्याच्या भानगडीत न पडता तयार खेळाडू शोधून त्यांना प्रवेश मिळवून द्यायचा. करंडक कपाटात जातो. महाविद्यालयातील शंभर मुले मात्र प्रेक्षकच राहतात.

प्रमाणपत्राच्या मोहाने या रोगात भर घातली आहे. शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, परीक्षेत वाढीव गुण आहेत. मेहनती खेळाडूला त्याचे फळ मिळावे यात वावगे काही नाही. परंतु खेळापेक्षा कागद मोलाचा ठरला की कागदाचा बाजार सुरू होतो. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची जी प्रकरणे राज्यात उघडकीस आली, ती या मनोवृत्तीची परिणती होय. वर्षभराच्या सरावाची हजेरी आणि नोंद हाच या बाजारावरचा खरा उतारा आहे. बनावट प्रमाणपत्र एका रात्रीत तयार होते. १५ सकाळींची नोंदवही सहकाऱ्यांच्या देखत भरावी लागते.

अडचणी खऱ्या, पण दुर्लंघ्य नाहीत

सरावाची कल्पना मांडली की अडचणींची यादी पुढे येते, आणि ती खोटी नसते. चैत्र-वैशाखात मराठवाड्याचा पारा चाळिशीपलीकडे जातो. काळ्या मातीची मैदाने उन्हाळ्यात भेगाळतात, पावसाळ्यात चिखलाने भरतात. पाण्याचे तर बोलायलाच नको : एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि पहिल्या खेपेला आलेले ५ लाख लिटर पाणी पाहण्यासाठी लोक स्थानकावर जमले होते. अशा शहरात हिरवळीवर फवारे सोडा असे कोणी म्हणणार नाही. परीक्षा संपली की वसतिगृहे आणि खाणावळी ओस पडतात. मुले गावी जातात, कोणी नांगरटीला हात लावतो, कोणी मजुरीवर जाऊन पुढच्या वर्षीचे शुल्क उभे करतो. त्यांना मे महिन्यात शहरात थांबविणे म्हणजे त्यांच्या घराच्या ताटातील भाकरी काढून घेणे होय.

म्हणूनच हा सराव मे महिन्यात न घेता महाशिवरात्र ते गुढीपाडवा या काळात घेणे श्रेयस्कर. हा काळ साधारण एका महिन्याचा. पहाट अद्याप गार असते, वर्ग चालू असतात, खाणावळी सुरू असतात, परीक्षा जवळ आली तरी उंबरठ्यावर आलेली नसते. आठवड्यातून तीन-चार सकाळी, साडेसहा ते आठ, असे १५ सराव या मुदतीत आरामात बसतात. दीड तासाने कोणाचा अभ्यास बुडत नाही. पूर्ण मैदान नसेल तर अर्ध्यावर, कोरड्या मातीवर, चार-चार जणांचे लहान सामने घेता येतात. त्यात प्रत्येकाच्या पायाला चेंडू अधिक वेळा लागतो. डाव्या पायाचा एक दिवस, चकवाचकवीला बंदी असलेला एक दिवस, ही रहीम यांची देणगी जशीच्या तशी उचलावी. मुलींच्या संघासाठी ठरलेली वेळ, कपडे बदलण्याची बंदिस्त जागा आणि सोबतीला शिक्षिका एवढी सोय केली तर त्याही मागे राहणार नाहीत.

याहून महत्त्वाची गोष्ट मुदतीची. नवा प्रशिक्षक नेमताना त्याला ३ वर्षांचा अवधी द्यावा आणि पहिल्या वर्षी त्याला एकच प्रश्न विचारावा : किती मुले नियमित आली? दुसऱ्या वर्षी विचारावे : त्यातील किती टिकली? करंडकाचा प्रश्न तिसऱ्या वर्षी. त्याने ठेवलेली नोंदवही महाविद्यालयाच्या दप्तरी राहावी, म्हणजे तो गेला तरी त्याच्या जागी येणाऱ्याला कोऱ्या पाटीने सुरुवात करावी लागणार नाही. पाडव्यानंतरच्या एखाद्या सकाळी नांदेडच्या संघाने लातूरला जावे, पुढच्या वर्षी लातूरने नांदेडला यावे. अंतर सुमारे १४० किलोमीटर आहे. एसटीने सहज होणारा हा प्रवास. या सामन्याला करंडक नसावा, उद्घाटक नसावा, हार-तुरे नसावेत. दोन्ही प्रशिक्षकांनी आपापली पोरे पाहावीत आणि परतावे.

नव्या शैक्षणिक धोरणाने क्रीडेला अभ्यासक्रमात श्रेयांकाचे स्थान दिले आहे. हे श्रेयांकही जर्नलवर सही मारून वाटले गेले, तर खेळाच्या तासाची गत मूल्यशिक्षणाच्या तासासारखी होईल. ते सरावाच्या हजेरीशी जोडले गेले तर मैदानावर येणाऱ्या साध्या, कोणत्याही संघात निवड न झालेल्या मुलालाही काही पदरात पडेल. ते काम शासनाच्या आदेशाची वाट न पाहता प्राचार्य आणि अभ्यास मंडळे करू शकतात.

मराठवाड्यातील तरुणाला अनुशेषाची भाषा बालपणापासून ऐकवली गेली आहे. रेल्वेचा अनुशेष, सिंचनाचा अनुशेष, उद्योगांचा अनुशेष. त्यांतील बरेच भरून काढणे त्याच्या वा त्याच्या शिक्षकांच्या हाती नाही. सरावाचा अनुशेष मात्र याला अपवाद आहे. तो मुंबईच्या निधीवाचून आणि दिल्लीच्या मंजुरीवाचून भरून निघू शकतो. त्यासाठी एका महिन्यातील १५ सकाळी, एक शिट्टी, काही चेंडू आणि ३ वर्षे धीर धरणारे व्यवस्थापन एवढेच हवे. शेतकऱ्याला पावसाचा भरवसा नसतो, तरी तो नांगरट चुकवीत नाही. ज्यांना सुशिक्षित म्हणून महाविद्यालयांचा कारभार सोपविला आहे, त्यांनी निदान तेवढे शहाणपण दाखवावे.